आडनावापाशी तुटलेलं नाव

आईचा हात कीबोर्डवर थांब

आई ज्या दवाखान्यात काउंटरवर बसते तिथे माणसांना कुणी तपासत नाही. माणसं फक्त घेऊन येतात. कुत्री, मांजरं, ससे, पोपट, आणि एकदा एक कासव, ज्याला नेमकं काय होत होतं हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. आलेल्याचं नाव शोधायचं, जुनी नोंद स्क्रीनवर आणायची आणि ती आत डॉक्टरबाईंकडे पाठवायची, हे आईचं काम. ती हे इतकी वर्षं करते आहे की रस्त्यात कुणी भेटलं तर आधी कुत्र्याला ओळखते आणि मग पट्टा धरलेल्या माणसाला.

अलीकडे तिचा हात थांबतो.

ठि.
(स्क्रीनवर गोल फिरतं.)
ठिप.
(गोल फिरतं.)
ठिपकी.
(गोल फिरतंच आहे. ठिपकीला घेऊन आलेला माणूस घसा साफ करतो. ठिपकी नुसतीच बघते.)

तोवर शेजारच्या खुर्चीतला भरभर दोघांना मोकळं करतो. भरभर हे त्याचं खरं नाव नाही, पण खऱ्या नावाने हाक मारली तर आता तोही वळून बघत नाही. तो भरभर बोलतो, भरभर जेवतो, आणि त्याच्या स्क्रीनवर गोल फिरत नाही. कॉम्प्युटर दोघांचे एकाच दिवशी आलेले. प्रोग्रॅम एकच. मग फरक कुठे राहिला? आईने उत्तर काढलं: खुर्चीत.

"मी हळू झालेय," ती संध्याकाळी बाबांना म्हणाली.

"पहिल्यापासूनच आहेस. मला हो म्हणायला किती दिवस लावलेस!"

"मी विचार करत होते."

"कसला?"

"नाही कसं म्हणावं, त्याचा."

बाबा हसले. आई हसली नाही. म्हणून मग बाबाही थांबले.

त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी तिला आत बोलावलं होतं. खूप मऊ आवाजात. आतल्या औषधांच्या खोलीत बसाल का, तिथे धावपळ नसते, शुक्रवारी दुपारपर्यंत सांगा. आईला मऊ आवाज कळतो. स्वतः ती तो आवाज म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मालकांसाठी राखून ठेवते.

"औषधांच्या खोलीत बसून बाटल्यांशी काय बोलू?" ती बाबांना म्हणाली. "त्यापेक्षा शुक्रवारी सोडतेच."


लेक येते, चहा पिते, आणि क

फोन बाबांनी केला.

"तुझी आई नोकरी सोडतेय."

"का?"

"डोकं चालत नाही म्हणते."

"कुणाचं?"

"तिचं. माझं चालत नाही ही काय फोन करून सांगायची बातमी आहे?"

लेक गुरुवारी संध्याकाळी आली. दवाखान्याचा तो प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला. दुसऱ्या कुणाला काम देऊ नका, माझी मुलगी करते, असं आईनेच डॉक्टरबाईंना सांगितलं होतं आणि नंतर सगळ्या गल्लीला.

आई शब्दकोडं सोडवत होती. म्हणजे सोडवत नव्हती. पेन्सिलीचं टोक चावत होती. लेकीने चहा केला. कप पुढे ठेवला.

"मावशीचा फोन आला होता मला. तू उचलत नाहीस म्हणाली."

"तिच्या नातवंडांची नावं चुकली तर? ती लगेच ओळखेल. तिला माझ्यातलं काहीही लगेच कळतं, लहानपणापासून."

"चुकली का कधी?"

"अजून नाही. म्हणून तर उचलत नाही."

लेकीने कपाच्या कडेवर बोट फिरवलं.

"आई, प्रोग्रॅम हळू चालतो का?"

"त्याला नावं ठेवू नकोस. तू केलायस तो."

"मी केलाय म्हणूनच विचारतेय."

"भरभर बघ कसा चालवतो. सपासप."

लेकीने लॅपटॉप उघडला, दवाखान्याच्या प्रोग्रॅममध्ये शिरली, एका ओळखीच्या माणसाचं आडनाव टाकलं. बोट उचलायच्या आत त्याची सगळी नोंद समोर. दुसरं आडनाव. तेही तसंच. तिने स्क्रीन आईकडे वळवली आणि हे आपण का करतोय याचा विचार न करता म्हणाली, "वेगात तर काही कसर नाही गं."

आईने मान डोलावली.

"बघ. म्हणजे मीच."

काही वाक्यं तोंडातून गेल्यावर परत घेता येत नाहीत. कॉम्प्युटरवर निदान त्यासाठी बटण असतं. लेक रात्रभर थांबली ती त्या वाक्यामुळे. आणि सकाळी आईबरोबर दवाखान्यात गेली.


आईच्या शेजारच्या स्टुल

दोन खुर्च्या, आईच्या शेजारी जरा मागे एक स्टूल. स्टुलावर लेक. पुढचं जसं ऐकू आलं तसं.

भरभरची खुर्ची:

"नाव? तुमचं हो. आडनाव? हां आलं, ससा ना, बसा, बोलावतील, पुढे या, नाव?"

आईची खुर्ची:

"काय रे राजा, काय झालं? कान का पाडलास? … नाव काय याचं?"

"माझं?"

"तुमचं कशाला? तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"नाही नाही. याचं दुपार."

"दुपार?"

"दुपारीच सापडला होता. आणि स्वभावही तसाच आहे."

आईने लिहिलं: दु. गोल फिरू लागलं. दुपारने जमिनीवर अंग टाकलं आणि पाय ताणून डोळे मिटले, नावाला जागला. आईचं बोट पुढच्या अक्षरावर अधांतरी. तिच्या मानेवर, केसांच्या खाली, घामाचा एक थेंब. तिचा हा थेंब लेकीने आधी कधी पाहिला नव्हता, कारण ती नेहमी समोरून पाहते.

भरभरची खुर्ची: "आडनाव? आलं. बसा. पुढे."

लेक स्टुलावरून उठली.

"आई, तू आधी प्राण्याचं नाव विचारतेस?"

"मग?"

"रोज? प्रत्येकाला?"

"आजारी कोण आहे, मांजरे?" आई लेकीला मांजरे म्हणते. दवाखान्यातसुद्धा, त्यामुळे पेट्यांमधून दोन-तीन डोकी वर झाली. "ज्याच्यासाठी आलेत त्याचं नाव आधी विचारावं. हा म्हणतो आडनावाने लवकर सापडतं. सापडत असेल. मला नाही जमत ते. दुपारला काय आडनाव असतं?"

भरभर वळला. "काकू, मी शंभरदा सांगितलं—"

"तू सांगतोस इतक्या भरभर की मला एकदाच ऐकू येतं."

लेक दोघांकडेही बघत नव्हती. तिने काल रात्री दोन आडनावं टाकून बघितली होती. दोन्ही आडनावंच.

लॅपटॉप घेऊन ती काउंटरच्या मागे, खाद्याच्या पोत्यांना टेकून, जमिनीवर बसली. घड्याळात अकरा वाजून गेले होते. आईच्या पिशवीत, डब्याच्या खाली, घडी केलेला राजीनामा होता. तो डॉक्टरबाईंना दुपारी द्यायचा होता.


दुभाष्याने काय सांगितल

डेटाबेस म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणारा कारकून. त्याची भाषा वेगळी, तऱ्हा वेगळी, आणि तो विचारल्याशिवाय बोलत नाही. प्रोग्रॅम लिहिणारे बहुतेक जण त्याच्याशी थेट बोलत नाहीत. मध्ये एक दुभाषा ठेवतात. ओआरएम म्हणतात त्याला. आपण आपल्या भाषेत सांगायचं, तो कारकुनाच्या भाषेत पोचवतो. दुभाषा फार सोयीचा. एवढंच की दोघांचं काय बोलणं झालं हे आपल्याला कळत नाही.

पुस्तकाच्या शेवटी सूची असते, कुठला शब्द कुठल्या पानावर ते सांगणारी. कारकुनाकडेही तशीच सूची लागते. तिला इंडेक्स म्हणायचं. ती नसेल तर तो पहिल्या पानापासून एकेक नोंद वाचत सुटतो. दवाखाना छोटा होता तेव्हा तेही चालून गेलं. पण हल्ली आणखी चार शाखांच्या नोंदी त्यातच येऊन पडल्या, लाखांनी, आणि प्रत्येक अक्षराला कारकून पहिल्या पानावर.

लेकीने इंडेक्स सांगितले नव्हते का? सांगितले होते. दोन. एक पालकांच्या, म्हणजे मालकांच्या, नावाचा (आडनाव आधी), एक प्राण्यांच्या नावाचा. तिथे काय झालं ते तिला आता जुन्या संदेशांमध्ये मिळालं. ते साधारण असं:

दुभाषा: साहेब, दोन इंडेक्स बांधायचेत. पहिल्याचं नाव, रुग्ण_प्राण्यांची_नोंद_पालकाचे_नाव.

डेटाबेस: लांब आहे. माझ्या पाटीवर मावत नाही.

दुभाषा: मी मोजलंय, मावतं.

डेटाबेस: तुम्ही अक्षरं मोजता. मी खुर्च्या मोजतो. त्रेसष्ट खुर्च्या आहेत, उरलेल्यांनी उतरायचं. (कापतो.) रुग्ण_प्राण्यांची_नोंद_. बांधला. दुसरा?

दुभाषा: रुग्ण_प्राण्यांची_नोंद_प्राण्याचे_नाव. आधीच असेल तर राहू द्या.

डेटाबेस: (कापतो.) रुग्ण_प्राण्यांची_नोंद_. हा आहे की आधीच.

दुभाषा: आहे? मग राहू द्या.

डेटाबेस: राहू दिला.

आणि दुभाषा परत येऊन म्हणाला: झालं, ताई. दोन्ही झाले.

इंग्रजी अक्षर एका खुर्चीत बसतं. आपलं अक्षर ऐसपैस. ते तीन अडवतं, आणि त्याचा काना, त्याची वेलांटी, डोक्यावरचा अनुस्वार, प्रत्येकाला आणखी तीन-तीन. त्यामुळे दोन्ही नावं 'नोंद'पाशी संपली. घराण्याचं नाव तेवढं उरलं. कोण पालक आणि कोण प्राणी, ते कापलं गेलं. नाव सारखं दिसल्यावर कारकुनाने दुसऱ्याला दारातूनच परत पाठवलं. (वरचे मथळे का तुटले ते आता कळलं असेल. त्यांनाही तेवढ्याच खुर्च्या दिल्या होत्या.)

लेकीच्या ऑफिसात कुणीही नोंदींच्या तक्त्यांना मराठी नावं देत नाही. तिलाही तसं शिकवलेलं नाही. पण हे काम तिने आईच्या जेवणाच्या टेबलावर बसून केलं होतं, आणि आई भाजी निवडता निवडता स्क्रीनमध्ये डोकावली होती. "हे काय लिहिलंयस? मला वाचता येईल असं लिही की. माझीच पोरं आहेत ती सगळी." म्हणून लेकीने सगळी इंग्रजी नावं पुसून मराठी लिहिली. लांबलचक, शुद्ध, आईला मोठ्याने वाचता येतील अशी. आईने ती वाचलीही होती. "रुग्ण प्राण्यांची नोंद. हं. आता कसं!"


सगळा दवाखाना एकदम हळू ह

उपाय सोपा होता. दुसऱ्या इंडेक्सला छोटं नाव द्यायचं आणि पुन्हा बांधायला सांगायचं.

अवघड होती ती वेळ. इंडेक्स बांधला जात असताना कारकून नव्या नोंदी घेत नाही. दार लावून बसतो. दार उघडं ठेवून बांधायचीही एक रीत आहे, पण ती दुभाष्याला चालत नाही. तो प्रत्येक काम कडी लावूनच करतो आणि लेकीला आत्ता त्याच्याशी वाद घालत बसायचं नव्हतं. शहाणं माणूस दवाखाना बंद होईपर्यंत थांबलं असतं.

काचेपलीकडे डॉक्टरबाई हात धूत होत्या. म्हणजे त्या आता बाहेर येणार. आईने पिशवीची चेन उघडली होती.

लेकीने नाव लिहिलं आणि बटण दाबलं.

आधी भरभर थांबला.

"साठवा," तो म्हणाला. बटण दाबलं. "साठव ना. साठव की. अरे." त्याच्या स्क्रीनवर गोल फिरत होतं. त्याने माउस उचलून पालथा करून बघितला. "काकू. काकू, माझं बघा ना, काहीतरी होतंय."

आई वाकून त्याची स्क्रीन बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, खरंच नव्हता. होती ती काळजी.

"तुलापण?"

"म्हणजे?"

"असंच सुरू होतं. आधी हात थांबतो. तू अजून लहान आहेस रे." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पाणी पी. माझं तर नाही ना लागलं तुला?"

पोत्यांमागून लेकीला हसू आवरेना, आणि रडूही, आणि दोन्ही एकदम येतात तेव्हा जो आवाज होतो तो ऐकून एक कुत्रा भुंकला. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं. पेटीतली मांजर सुरू झाली. पोपट म्हणाला, "बसा, बसा." रांग दारापर्यंत गेली.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "काय चाललंय?"

"बांधकाम!" लेक खालून म्हणाली.

"तू तिथे काय करतेस? बरं, ते राहू दे." त्या आईकडे वळल्या. आवाज पुन्हा मऊ. "तुमचं काय ठरलं?"

"ठरलं," आई म्हणाली. हात पिशवीत. "बाई, मी असा विचार केलाय की—"

"आई, थांब!"

"मोठी माणसं बोलत असताना—"

"दोन मिनिटं थांब!"

"डॉक्टरबाई काय म्हणतील? काही वळण लावलं की नाही म्हणतील तुला."

"म्हणू देत. तू आधी ह्यांचं नाव टाक." लेकीने रांगेतली पहिली पेटी हाताने दाखवली. आत करड्या रंगाचं काहीतरी गोळा होऊन बसलं होतं. "नाव काय हो ह्यांचं?"

"टाचणी," पेटीवाली बाई म्हणाली.

त्याच क्षणी भरभरच्या स्क्रीनवरचं गोल गेलं. अडकलेल्या नोंदी एकामागून एक साठल्या. "आलं!" तो ओरडला. "काकू, मी बरा झालो!"

आईने एक बोट पुढे केलं. टा.

ती सवयीने थांबली. म्हणून तिला दिसलं नाही. नावं केव्हाच खाली येऊन उभी होती: टायगर, टारझन, टाचणी, आणखी एक टाचणी, आणि आईचं बोट हवेत, नसलेल्या गोलाची वाट बघत.

"आई. बघ."


ज्याचं हळूपण त्याला परत देताना

आईने टाचणीला आत पाठवलं. मग दुपार टाकून बघितलं. ठिपकी. मग गेल्या वर्षीच्या एका बोक्याचं नाव. प्रत्येक वेळी नोंद तिच्या आधी येऊन थांबलेली.

लेकीने समजावलं. दुभाषा, कारकून, खुर्च्या, कापलेली नावं. भरभर शेजारून प्रत्येक वाक्याचा शेवट आधीच म्हणून दाखवत होता. डॉक्टरबाई हाताची घडी घालून उभ्या.

लेकीला वाटलं होतं, आई खूश होईल.

"किती दिवस?" आईने विचारलं.

"काय किती दिवस?"

"किती दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय?"

लेकीने लॅपटॉप मिटला.

"बहिणीचा फोन उचलला नाही मी. तुझ्या बाबांना दोनदा एकच गोष्ट सांगितली की काय, म्हणून प्रत्येक गोष्ट सांगायच्या आधी त्यांना विचारायचे, हे सांगितलं का मी? ते बिचारे नाही म्हणायचे, सांगितलेलं असलं तरी." तिचा आवाज चढला नाही, पण कासवासारखी मान आत गेली. "आणि तुझ्या प्रोग्रॅमवर मी एकदाही शंका घेतली नाही. एकदाही."

"घ्यायची ना, आई."

"अगं, तू केलायस तो!"

डॉक्टरबाई खाकरल्या. "काकू, माझंही चुकलंच. मी स्क्रीन बघायला हवी होती. मी तुमच्याकडेच बघत बसले."

"तुमचं राहू द्या बाई. तुमच्या मनात वाईट नव्हतं." आईने पिशवीतून घडी केलेला कागद काढला, लेकीच्या हातात दिला. "हे फाड. नीट फाड, नाहीतर हा भरभर जोडून वाचेल."

"आणि औषधांची खोली?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तिथे ह्याला बसवा. बाटल्यांना त्याचं ऐकू आलं नाही तरी चालतं."

"काकू!"

मग ती लेकीकडे वळली आणि एकदम हळू, प्रत्येक शब्द वेगळा ठेवत म्हणाली, "हे बघ मांजरे. थोडी हळू मी झालेच आहे. चष्मा डोक्यावर असतो आणि मी घरभर शोधते. ते माझं आहे, वयाचं आहे, त्याचं मी बघीन. पण हे तुझं होतं. यापुढे तुझं तू घ्यायचं. माझ्यात मिसळायचं नाही."

"नाही मिसळणार."

"आणि अडलं की मी तुला सांगीन. मग तू म्हणायचं नाहीस, वेगात तर काही कसर नाही गं."

लेकीने मान खाली घातली. आईने तिच्या हनुवटीला बोट लावून ती वर केली, पेटीतल्या मांजरीची करते तशी, आणि तेवढ्यात फोन वाजला.

आईने उचलला. पलीकडे कुणीतरी म्हातारं असावं. आई नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होती. "कोण? राणी? थांबा हं." तिने लिहिलं. राणी नावाच्या पुष्कळ होत्या, पण आवाजावरून कुठली ते तिला ठाऊक होतं. नोंद समोर आली. पांढरी मांजर, वय सतरा, मूत्रपिंड.

"हो, आहे समोर," ती म्हणाली. मग तिचा आवाज मऊ झाला. "कधी? … पहाटे. … जवळ होता ना तुम्ही?"

तिने खुर्ची जरा मागे घेतली. हाताने भरभरला खूण केली: माझी रांग तू घे. त्याने घेतली आणि पहिल्यांदाच दबक्या आवाजात विचारू लागला, नाव काय, बसा.

"नाही, नोंदीतून नाव नाही काढायचं," आई फोनमध्ये सांगत होती. "असू दे की. ती कुणाला अडवत नाही इथे. … सांगा ना. मला काही घाई नाही."

डॉक्टरबाई आत गेल्या. लेक फाडलेला कागद मुठीत धरून स्टुलावर बसून राहिली. आईने चष्मा काढून कीबोर्डवर ठेवला, कोपर टेकवलं, आणि विचारलं, "काल काही खाल्लं होतं का तिनं?"

आणि ऐकत राहिली.